प्रत्येकाला एक खडा

बेउझेत्सहून आलेले लोक गाडीचं दार हळू लावतात आणि झामोश्चहून आलेले धाडकन लावतात. हा शोध रोझालियाबाईंचा. मी पाच वर्षं त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून मी हे कितीदा तरी पडताळून पाहिलंय. त्या बहुतेक वेळा बरोबर निघतात.

झामोश्चचा चौक बघून आलेला माणूस रंगीत घरांच्या कमानींखाली कॉफी पिऊन, नगरभवनाच्या जिन्यापाशी फोटो काढून आलेला असतो. तो मोठ्यानं बोलतो, फाटक हलवून बघतो. बेउझेत्सला फोटो काढण्यासारखं काही नाही. तिथे राखाडी दगडांनी भरलेला एक उतार आहे, आणि एकोणीसशे बेचाळीसमध्ये नाझींनी नऊ-दहा महिन्यांत साडेचार लाखांच्या आसपास ज्यू माणसं तिथे मारली. तिथून आलेला माणूस गाडीतून उतरतो आणि थोडा वेळ नुसता उभा राहतो. रोझालियाबाई त्याच्याकडे लगेच जात नाहीत. चहाचं पाणी ठेवतात, हात पुसतात, मग किल्ली घेऊन रस्ता ओलांडतात.

पूर्व पोलंडमधलं आमचं ओल्शान या दोन्ही गावांच्या मधे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. घरासमोर टेकडीच्या उतारावर जुनी ज्यू दफनभूमी आहे. लोखंडी कुंपण, फाटक, आणि फाटकावर पाटी: ‘किल्ली समोर, घर नंबर चौदा’. चौदा नंबर म्हणजे आम्ही.

किल्ली या घरात आली त्याला एकतीस वर्षं झाली. कुंपण घातल्यावर लुब्लिनहून आलेल्या दोन माणसांनी समोरचं घर म्हणून हे दार वाजवलं. रोझालियाबाईंच्या सासूनं दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं आणि ‘नको’ म्हणून लावून टाकलं. “आज किल्ली ठेवली तर उद्या लोक म्हणतील, यांच्याकडे अजून काय काय ठेवलंय!” इथले ज्यू कुठे गेले, त्यांच्या घरातल्या वस्तू कुणाकडे गेल्या, हा विषय गावात त्या काळी कुणी काढत नसे. काढलाच तर आवाज खाली यायचा. रोझालियाबाई तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या. त्या मागच्या दारानं रस्त्यावर गेल्या आणि त्या दोघांना म्हणाल्या, “द्या इकडे. आमच्या सासूबाई सगळ्यालाच नाही म्हणतात. मला सून करून घ्यायलाही नाहीच म्हणाल्या होत्या.”

त्या गावच्या दूध संकलन केंद्रावर कामाला होत्या. सकाळी कॅन घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचं दूध तपासायचं आणि लिहून ठेवायचं, हे त्यांचं काम. त्या पाणी घातलेलं दूध तपासणीच्या नळीत घालण्याआधीच ओळखायच्या, असं गावातले म्हातारे अजून सांगतात. मी एकदा विचारलं, कसं ओळखायचात? त्या म्हणाल्या, “दुधाकडे कशाला बघायचं? आणणाऱ्याकडे बघायचं. ज्यानं पाणी घातलंय तो आल्या आल्या हवापाण्याच्या गोष्टी करतो.”

पुढे केंद्र बंद पडलं, नवरा वारला, मुलगा ट्रक चालवायला हॉलंडला गेला. किल्ली राहिली. एकतीस वर्षांत त्या तिचे नियम शिकत गेल्या. काही त्यांना कुणी सांगितले, बरेचसे त्यांनी बघून बघून घेतले. धार्मिक पाहुणे आपल्या घरातलं शिजवलेलं खात नाहीत, तर वाईट वाटून घ्यायचं नाही, सफरचंद द्यायचं. तेही अख्खं, सुरीनं चिरलेलं नाही. पाणी काचेच्या ग्लासात. शनिवारी कुणी येत नाही, म्हणून शनिवारी त्या बाजारात जातात. आणि पाहुण्यांबरोबर आत जायचं नाही. “ते त्यांच्या माणसांना भेटायला आलेत. मी कशाला मधे उभी राहू, नणंदेसारखी?”

थडग्यांवर पाहुणे फुलं न ठेवता छोटे खडे ठेवून जातात, हेही त्यांनी पहिल्याच वर्षी बघितलं होतं. आणि एकतीस वर्षांत त्यांनी त्या खड्यांना हात लावला नव्हता.

यंदा लावला. त्याचं कारण त्यांचा गुडघा.

आमच्याकडे एक नोव्हेंबरच्या आधीचा आठवडा म्हणजे सगळा देश बादल्या आणि ब्रश घेऊन थडगी घासत असतो. सगळ्या संतांचा दिवस. त्या दिवशी आपापल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंतीच्या कुंड्या ठेवायच्या, काचेच्या भांड्यातले दिवे लावायचे. मळलेलं थडगं म्हणजे घराण्याची अब्रू गेली. गावातली अर्धी भांडणं, कुणी कुणाच्या आजीचा दगड नीट घासला नाही यावरूनच सुरू होतात. निघताना दोन-तीन दिवे जास्तीचे घ्यायचे, हीही आमची पद्धत. कोपऱ्यात एखादं थडगं असतं, ज्याच्याकडे येणारं कुणी उरलेलं नाही. तिथे एक दिवा लावायचा. कुणीही अंधारात राहू नये.

गेली दोन वर्षं गुडघ्यामुळे रोझालियाबाईंना स्वतःच्या आईवडिलांचा दगडही घासता आला नव्हता. वसंतात शस्त्रक्रिया झाली, नवा गुडघा बसला आणि त्या शाळकरी मुलीसारख्या जिने चढायला लागल्या. ऑक्टोबरमधले तीन आठवडे मी जमीनमोजणीच्या कामासाठी बाहेरगावी होतो. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी परत आलो तर टेकडीचा उतार मला ओळखू येईना. वर्षानुवर्षं शेवाळानं हिरवे असलेले दगड स्वच्छ राखाडी झाले होते. झुडपं गेली होती. पानं गोळा करून कडेला ढीग केला होता.

“हे कुणी केलं?”

“कुणी म्हणजे? नवा गुडघा आहे, नुसता घरात बसवून ठेवू?” त्या खूश होत्या. “मऊ ब्रश आणि साधं पाणी. साबण नाही, काही नाही. माझ्याकडचे झाले दोन दिवसांत. मग म्हटलं, समोरचे काय पाप करून बसलेत?”

मी दगडांकडे बघत होतो. प्रत्येक दगडाच्या माथ्यावर, अगदी मध्यभागी, एक खडा होता. एकेकच. आडवे पडलेले दगडसुद्धा सुटले नव्हते.

“आणि खडे?”

“ते काढल्याशिवाय धुणार कसं? सगळे बादलीत काढून ठेवले. मग परत ठेवताना लक्षात आलं,” त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज थोडा खाली आला, “काहींवर वीस-वीस होते आणि बाकीच्यांवर एकही नाही. इतकी वर्षं माझ्या लक्षात कसं आलं नाही? ज्यांच्याकडे यायला कुणी उरलंच नाही, ते तसेच. म्हणून मी सगळ्यांना वाटून टाकले. प्रत्येकाला एक. दोनशे चौदा. सहा कमी पडले, ते माझ्या अंगणातले घातले.”

मला ते बरोबर वाटलं नाही. पण चूक कुठे आहे हेही मला धड सांगता आलं नसतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी म्हटलं, छान दिसतंय. आणि खरंच छान दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमारास बाहेर गाडी थांबली. दार हळू लागलं. मग दुसरं, तेही हळू.

“बेउझेत्स,” रोझालियाबाई म्हणाल्या आणि चहाचं पाणी ठेवलं.

एक उंच, खांद्यात वाकलेला म्हातारा आणि त्याच्या कोपरापर्यंत पोचेल एवढी एक म्हातारी, जांभळ्या लोकरी टोपीत. रोझालियाबाईंनी म्हाताऱ्याला ओळखलं. गेर्शोन लेर्नेर, इस्रायलमधल्या हैफाहून. गेल्या शरद ऋतूत एकटा आला होता. लुब्लिनची कुणी विद्यार्थिनी त्याच्याबरोबर होती, दगड वाचून दाखवायला. दोन तास शोधून त्याला त्याच्या आजोबांचा दगड सापडला होता, आणि जाताना त्यानं रोझालियाबाईंचे दोन्ही हात धरून काहीतरी म्हटलं होतं, जे त्यांना कळलं नव्हतं पण समजलं होतं. आता तो बहिणीला घेऊन आला होता. झेहावा त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, शहात्तरची. तिनं आयुष्यभर पोलंडला यायचं नाकारलं होतं.

झेहावाला पोलिश येत होतं. तिच्या वडिलांचं पोलिश, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचं, बहुतेक जेवायला बोलावण्याचं आणि रागावण्याचं.

“बाई, नमस्कार. मी एकदाच आलेय, परत येणार नाही, म्हणून नीट बघून घ्या मला,” ती रोझालियाबाईंना म्हणाली. “हा माझा भाऊ. हा म्हणतो त्याला आजोबा सापडलेत. याला घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही.”

“माझ्या नवऱ्याचंही तसंच होतं,” रोझालियाबाई म्हणाल्या. “आत या. चहा घेता का? सफरचंद आहे, अख्खं.”

“नंतर. आधी आजोबा.”

फाटक उघडेपर्यंत तिनं थोडक्यात सांगितलं, अर्धं आम्हाला, अर्धं स्वतःला. आजोबा मेनाखेम मेंडेल, त्स्वींचे पुत्र, एकोणीसशे एकतीसमध्ये न्यूमोनियानं गेले, आपल्या अंथरुणात. घरातल्यांनी तेव्हा खूप रडून घेतलं, असं वडील सांगायचे. नंतर सगळ्यांना कळलं की आजोबा नशीबवान होते. आजी, चार आत्या, त्यांची मुलं, सगळे बेउझेत्सला. वडील तेवढे आधीच रशियाच्या बाजूला निघून गेले होते म्हणून वाचले.

“सकाळी तिथेच होतो,” ती म्हणाली. “स्मारकात या गावाचं नाव लोखंडात लिहिलंय. आणि आतल्या भिंतीवर नुसती पहिली नावं आहेत. एक रिव्का आहे. ती आमची आजी असेल, नसेलही. रिव्का किती असतील! मला एक दगड बघायचाय ज्याच्यावर आमच्या माणसाचं पूर्ण नाव आहे. तेवढंच.”

वेळ मोजका होता. चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागतो. गेर्शोनचं काही नाही, पण शब्बाथ लागल्यावर झेहावा गाडीत बसत नाही. म्हणजे त्याआधी झामोश्चच्या हॉटेलात पोचायला हवं. शनिवारी ती हॉटेलातून हलणार नव्हती आणि रविवारी पहाटे विमान होतं. इथून तीनला निघायलाच हवं होतं.

दोघं आत गेली. आम्ही नेहमीप्रमाणे फाटकाशी थांबलो.

अर्ध्या तासानं झेहावानं हाक मारली. मला, कारण गेर्शोनला पोलिश येत नव्हतं आणि मला इंग्रजी येत होतं. मी वर गेलो तेव्हा तो एका रांगेच्या टोकाशी उभा होता आणि हात पुढे करून हवेत काहीतरी मापत होता.

“इथे होता,” तो मला म्हणाला. “मोठं झुडूप होतं. त्याच्या डावीकडे. दगड जरा पुढे झुकलेला.”

“झुडूप कुठेय?” झेहावा म्हणाली. माझ्यासमोर ती दोघं एकमेकांशीही इंग्रजीतच बोलत होती.

“होतं.”

“तुझी छत्रीपण होती. विमानतळापर्यंत.”

त्यानं फोन काढून मला फोटो दाखवला. गर्द हिरव्या शेवाळानं झाकलेला दगड, अक्षरं जवळजवळ दिसतच नव्हती, माथ्यावर ओळीनं अकरा पांढरे गुळगुळीत खडे. मागे झुडूप. ते खडे त्यानं हैफाच्या समुद्रकिनाऱ्यावरून आणले होते, घरातल्या एकेका माणसासाठी एक.

मी फोटो बघितला आणि उताराकडे बघितलं. फोटोतली एकही गोष्ट तिथे उरली नव्हती.

“इथे एकही हिरवा दगड नाहीये,” झेहावा म्हणाली. “अकरा खडे असलेला तर नाहीच. प्रत्येकावर एक आहे, लष्करात मांडल्यासारखा. गेर्शोन, तू दुसऱ्याच गावाला गेला होतास.”

“मी याच गावात आलो होतो.”

“मागच्या महिन्यात तू गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवलीस. नातीला माझ्या नावानं हाक मारलीस. डॉक्टरनं तपासण्या सांगितल्यात, त्या करायला तू तयार नाहीस. आणि मी तुझ्या भरवशावर इथे आले.”

ती हे थट्टेच्याच सुरात बोलत होती, बोलत राहिली तर थट्टाच राहील अशा बेतानं. पण तो हळूहळू खाली बसला, ओल्या गवतावर, आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

“असेल,” तो म्हणाला. “तसंच असेल. मला वाटलं असेल की सापडला.”

झेहावाची थट्टा तिथे थांबली. तिनं टोपी काढली, परत घातली. शहात्तर वर्षांची ती बाई अचानक फार घाबरलेली दिसली, आणि ते दगडासाठी नव्हतं.

रोझालियाबाई केव्हा वर आल्या ते मला कळलं नाही. एकतीस वर्षांत पाहुणे आत असताना त्या पहिल्यांदाच फाटकाच्या आत आल्या होत्या, हातात सफरचंदांची परडी घेऊन.

“यंदा थंडी उशिराच आली,” त्या झेहावाला म्हणाल्या. “गेल्या वर्षी या दिवसांत दव गोठायचं. आणि वारा तर—”

मी त्यांच्याकडे बघितलं. मी बघतोय हे त्यांना कळलं. त्या गप्प झाल्या. परडी खाली ठेवली, एप्रनला हात पुसले, कोरडेच होते ते.

“काय म्हणतात हे?” त्यांनी मला विचारलं. “का बसलेत असे?”

मी सांगितलं. किल्ली, फ्रीज, डॉक्टर, ‘मला वाटलं असेल’, सगळं.

त्या गेर्शोनच्या समोर गेल्या आणि खाली बसल्या. नव्या गुडघ्यावर बसायला डॉक्टरांची मनाई आहे.

“साहेब, तुमचं डोकं ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “माझं फिरलं होतं. झुडूप होतं. मी तोडलं. शेवाळ होतं. मी घासलं. तुमचे खडे मी काढले, बादलीत टाकले आणि सगळ्यांना वाटले. अकरा पांढरे. मला ते दिसलेही होते. मी म्हटलं, वा, काय सुंदर आहेत.”

मी इंग्रजीत सांगत होतो आणि तो माझ्याकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

“वाटले?” झेहावा म्हणाली. “बाई, तुम्ही खडे वाटले?”

“एकेक.”

“सगळ्यांना?”

“दोनशे चौदा. कुणी मोकळं राहू नये म्हणून.”

झेहावा चिडली. अगदी खरी चिडली. वडिलांच्या पोलिशमधले सगळे शब्द तिनं वापरले, त्यातले काही मी फक्त आजीच्या पिढीकडून ऐकले होते. हे काय दिवाळखोर दुकान आहे का वाटप करायला? मेलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण काढून शेजाऱ्याला द्यायचं, ही कुठली रीत? रोझालियाबाई ऐकत होत्या. मधे एकदा फक्त म्हणाल्या, “बरोबर आहे.” मग परत, “बरोबर आहे.” असं म्हणणाऱ्यावर फार वेळ चिडता येत नाही.

“म्हणजे झुडूप होतं,” गेर्शोन म्हणाला. इतक्या वेळात तो हे एकच वाक्य बोलला.

“होतं,” मी म्हटलं. “एकोणीस झुडपं तोडलीत त्यांनी. त्यातलं कुठलं ते आता त्यांनाही सांगता येणार नाही.”

“पण होतं.”

“हो.”

तो उठून उभा राहिला. हात धरायला मी पुढे झालो, पण त्याला गरज पडली नाही.

तेव्हा एक वाजत आला होता. हे सगळं चालू असताना माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी चालू होतं, ते आता जमलं. मी त्याचा फोन मागून घेतला. फोटोतलं शेवाळ गेलं असलं, झुडूप गेलं असलं, तरी फोटो काढताना फोननं जागेची नोंद ठेवली असणार. ठेवली होती. अक्षांश, रेखांश. माझ्या गाडीत मोजणीचं यंत्र होतंच, कालच कामावरून आलो होतो. ते आणलं, तिपाईवर उभं केलं आणि त्या आकड्यांपाशी जाऊन खुंटी ठोकणार, इतक्यात झेहावा ओरडली, “जमिनीत नाही!” मी खुंटी जमिनीवर नुसती ठेवली. इथली माती उकरायची नसते, हे मला माहीत असायला हवं होतं. रोझालियाबाईंना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे तुम्हीसुद्धा माझ्यासारखेच.

झाडांखाली फोनची नोंद अगदी नेमकी नसते, सहा-सात मीटर इकडेतिकडे होते. तेवढ्या दोरीनं आम्ही खुंटीभोवती वर्तुळ फिरवलं. आत तेवीस दगड आले.

“तेवीस!” झेहावा म्हणाली. “दोनशे चौदापेक्षा बरे. आता वाचायचे कसे? मला दिसतंय काय? पाटीवरची पुसलेली बेरीज.”

दगड आता स्वच्छ होते, पण अक्षरं नव्वद-शंभर पावसाळ्यांत झिजून गेली होती. आकाश भरलेलं होतं, उजेड सगळीकडून सारखा येत होता, सावली कुठेच नव्हती. अशा उजेडात झिजलेला दगड सपाट दिसतो. उजेड दगडाच्या अंगाला चाटून, एका कडेनं गेला पाहिजे, म्हणजे जे काही खोलगट उरलंय तिथे सावली धरते. माझ्याकडे मोठा टॉर्च होता. पण दुपारच्या उजेडात टॉर्च काय करणार?

“अंधार पाहिजे,” मी म्हटलं.

“अंधार?” रोझालियाबाई म्हणाल्या. “तो आहे माझ्याकडे.”

त्या घरी गेल्या आणि सासूबाईंच्या वेळचं लोकरीचं पांघरूण घेऊन आल्या. काळपट, घोंगडीसारखं जाड, दोघांनी उचलावं इतकं जड. ते पहिल्या दगडावर टाकलं. झेहावा त्याच्याखाली शिरली कारण हिब्रू तिला वाचता येत होतं. गेर्शोनलाही येत होतं, पण त्याचे डोळे अधू होते. टॉर्च धरायला मी आत जाणार होतो, पण रोझालियाबाईंनी तो माझ्या हातातून घेतला.

“घासताना प्रत्येक दगडावर हात फिरवलाय मी. कुठे खोल आहे ते मला माहितीये. तुम्ही पांघरूण धरा, मोजणीवाले.”

मग मी आणि गेर्शोन बाहेर, पांघरुणाची टोकं धरून. आत दोन म्हाताऱ्या. आतून आवाज येत होते.

“बाई, डांबरगोळ्या! श्वास कोंडतोय माझा.”

“पतंगानं खाल्लं असतं तर मग काय पांघरलं असतं? वाचा.”

“उजेड खाली घ्या. अजून खाली.”

“अजून खाली जमीन आहे.”

“मेणबत्त्या दिसतायत. मेणबत्त्या म्हणजे बाईमाणूस. पुढचा.”

आजोबा लेवी, म्हणजे पुरोहितांच्या हातांवर पाणी घालणाऱ्या घराण्यातले, म्हणून त्यांच्या दगडावर पाण्याची सुरई कोरलेली असणार, हे वडिलांनी मुलांना सांगितलं होतं. आम्ही दगडामागून दगड घेत गेलो. मोडलेलं झाड, म्हणजे तरुण गेलेला. सिंह. परत मेणबत्त्या. एका दगडावर काहीच नाही, हात फिरवूनही नाही. आठव्या दगडावर सुरई निघाली, पण आतून आवाज आला, “यित्झाकचा मुलगा. आपले आजोबा त्स्वींचे. पुढे चला. माफ करा हो,” हे शेवटचं दगडाला.

बाराव्या दगडानंतर झेहावा बाहेर येऊन बसली. सफरचंद खाल्लं. केस सगळे उभे राहिले होते. गुडघ्यांवर चिखल. रोझालियाबाई तिच्या शेजारी बसल्या.

“तुमचे वडील या गावाबद्दल काय सांगायचे?” त्यांनी विचारलं. त्या हे कुणालाच विचारत नाहीत.

“की इथली नाशपाती कुठेही मिळत नाही. बाकी काही नाही. आम्ही विचारलं की उठून बाल्कनीत जायचे.” झेहावानं सफरचंदाचा देठ गवतात न टाकता खिशात घातला. “तुमच्या घरात काय सांगायचे?”

रोझालियाबाई परडीतली सफरचंदं उगाच नीट लावत बसल्या.

“काहीच नाही,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे बाल्कनी पण नव्हती.”

झेहावा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं टोपी कानांवर ओढली आणि म्हणाली, “चला. किती राहिले?”

अकरा. सव्वादोन वाजले होते. आता आम्ही कामात तरबेज झालो होतो, एका दगडाला तीन मिनिटं. गेर्शोन प्रत्येक दगडापाशी आधी उभा राहून बघायचा, डोकं तिरकं करून, आणि काही म्हणायचा नाही. सतराव्या दगडापाशी तो थोडा जास्त थांबला. दगड जरासा पुढे झुकलेला होता. पण तसे अजून चार होते.

“हा का?” मी हळू विचारलं.

“मी आता काही म्हणणार नाही,” तो म्हणाला. “म्हटलं आणि तो नसला तर?”

पांघरूण टाकलं. दोघी आत गेल्या. टॉर्चचा उजेड लोकरीतून बारीक बारीक दिसत होता, सरकत होता, मग एका जागी थांबला.

“सुरई,” झेहावाचा आवाज आला.

“टॉर्च हलवू का?” रोझालियाबाईंचा आवाज.

“नको. तसाच धरा. थोडा डावीकडे. तसाच.”

गेर्शोन माझ्या शेजारी उभा होता. पांघरुणाचं टोक त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. मला विचारावंसं वाटत होतं, पण माझा तो हक्क नव्हता.

आत झेहावा एकेक अक्षर सुटं वाचत होती, लहान मुलं वाचतात तसं. मला हिब्रू येत नाही. पण मेनाखेम कळलं. मेंडेल कळलं. मग ती थांबली, आणि मग त्स्वी.

“झेहावा?” गेर्शोन म्हणाला.

आतला उजेड एकदा हलला आणि परत स्थिर झाला.

“झेहावा, काय लिहिलंय?”

पांघरूण एका बाजूनं वर झालं आणि जांभळी टोपी बाहेर आली. तिचा चेहरा ओला होता. तिनं तो बाहीनं पुसला, त्यामुळे चिखल कपाळाला लागला.

“तू बरोबर होतास,” ती म्हणाली.

तो जागचा हलला नाही.

“परत म्हण.”

“काय परत म्हण?”

“मी बरोबर होतो, ते.”

“एकदा म्हटलंय. सत्तर वर्षांतून एकदा म्हटलंय, तेवढं पुरे,” झेहावा म्हणाली आणि त्याची बाही ओढली. “आता आत ये. बाईंचा हात भरून आलाय.”